गाठीभोवतीचं मॅट्रिक्स कापणारी एन्झाइम्स थांबवली, तर कर्करोग थांबेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईच्या स्तनातल्या गाठीच्या बायोप्सीत 'इन्व्हेजिव्ह कार्सिनोमा' आलाय. कर्करोगाच्या पेशी 'मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज' म्हणजेच एमएमपी नावाची एन्झाइम्स वापरून आजूबाजूची ऊती कापत पुढे सरकतात, असं वाचनात आलं. डॉक्सिसायक्लिन हे साधं अँटिबायोटिक ही एन्झाइम्स अडवतं, हेही वाचलं. मग डॉक्टर ते का देत नाहीत? आणि हीच नावं संधिवात, फुप्फुसं, हिरड्या, महाधमनी अशा वेगवेगळ्या आजारांत कशी काय भेटतात?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, आणि स्तनाच्या बायोप्सी बघणं हे माझं रोजचं काम आहे. तुमच्या डोक्यात आलेली कल्पना अगदी रास्त आहे. इतकी रास्त, की १९९०च्या दशकात ती मोठमोठ्या चाचण्यांमध्ये करून पाहिली गेली. ती फसली. का फसली हे कळलं, की तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचंही बरंचसं उत्तर मिळतं.

सुरुवात बेडकाच्या पिल्लापासून करावी लागेल. पेशींभोवती प्रथिनांचं जे जाळं असतं, ते मॅट्रिक्स. त्यातलं कोलॅजन हे आपल्या शरीरातलं सर्वांत मुबलक प्रथिन. तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळून तयार झालेला सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि जेमतेम दीड नॅनोमीटर जाड दोर. पोटातली नेहमीची पचनाची एन्झाइम्स या पिळाला हात लावू शकत नाहीत. मग बेडूकमासा मोठा होताना त्याची कोलॅजनने भरलेली शेपटी काही दिवसांत नाहीशी होते ती कशी? जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर यांनी १९६२ मध्ये शेपटीच्या जिवंत ऊतीचे बारीक तुकडे कोलॅजनच्या दुधट जेलवर ठेवले आणि ते शरीराच्या तापमानाला ठेवून दिले. तुकड्यांभोवतीचं जेल विरघळून स्वच्छ पारदर्शक कडं तयार झालं. कोलॅजन कापणारं प्राण्यातलं पहिलं एन्झाइम असं सापडलं. त्या प्रयोगात कर्करोग कुठेच नव्हता, होती ती शरीराची एक नियमित, अत्यावश्यक प्रक्रिया.

माणसात या कुटुंबातली २३ एन्झाइम्स आहेत. सगळ्यांच्या गाभ्यात झिंकचा एक अणू असतो आणि कापण्याचं काम त्याच्याच मदतीने होतं. एमएमपी-१, ८ आणि १३ ही अख्खा कोलॅजनचा पिळ कापू शकतात. त्यांची खाच इतकी अरुंद, की तिच्यात एका वेळी एकच साखळी मावते. म्हणून एन्झाइम आधी तो पिळ त्या जागी उकलतं आणि मग एकेक साखळी तोडतं. काप नेमका एकाच ठिकाणी बसतो आणि तीन चतुर्थांश व एक चतुर्थांश असे दोन तुकडे होतात. एकदा तुटलेले तुकडे शरीराच्या तापमानाला आपोआप उलगडतात, त्यांचं जिलेटिन होतं आणि पुढचं काम एमएमपी-२ आणि ९ करतात. याच दोघी पेशींच्या थराखालच्या पापुद्र्यातलं, म्हणजे बेसमेंट मेम्ब्रेनमधलं, चौथ्या प्रकारचं कोलॅजनही कापतात, म्हणून कर्करोगाच्या साहित्यात त्यांची नावं सगळ्यात जास्त दिसतात.

इतकी धारदार हत्यारं शरीर मोकळी सोडत नाही. बहुतेक एमएमपी निष्क्रिय रूपात तयार होतात. त्यांच्याच सुरुवातीच्या भागातलं सिस्टीन हे एक अमिनो आम्ल झिंकला धरून बसलेलं असतं. ती पकड सुटेपर्यंत एन्झाइम काम करत नाही. पकड सुटली तरी वर टिंप नावाचे चार पहारेकरी आहेत, टिंप-१ ते टिंप-४. टिंपचा एक रेणू एन्झाइमच्या एका रेणूला घट्ट बिलगून त्याला बंद करतो. जखम भरताना, गर्भ वाढताना, मासिक पाळीत, बाळंतपणानंतर गर्भाशय पूर्वपदावर येताना ही एन्झाइम्स काम करतात आणि काम संपलं की थांबतात. आजार सुरू होतो तो हे थांबणं बिघडलं की.

आता तुमच्या आईच्या रिपोर्टमधल्या शब्दाकडे येऊ. स्तनातली दुधाची नळी आडवी कापून मायक्रोस्कोपखाली बघितली, तर आत अस्तराच्या पेशी, त्यांच्या बाहेर मायोएपिथेलियल पेशींचं एक कडं, आणि त्याही बाहेर बेसमेंट मेम्ब्रेन असतं. हे मेम्ब्रेन म्हणजे लॅमिनिन आणि कोलॅजन या प्रथिनांचा अतिशय पातळ पापुद्रा. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात तो धड दिसतही नाही. म्हणून शंका असेल तिथे आम्ही पी-६३ चा रंग लावतो. मायोएपिथेलियल पेशींची केंद्रकं तपकिरी ठिपक्यांसारखी उठून दिसतात. नळीत कर्कपेशी गच्च भरल्या आहेत, पण बाहेर तपकिरी ठिपक्यांचं कडं शाबूत आहे: हा डीसीआयएस, म्हणजे रोग अजून नळीच्या आत आहे. त्याच पेशी ठिपक्यांविना मोकळ्या ऊतीत विखुरलेल्या दिसल्या, की आम्ही 'इन्व्हेजिव्ह' लिहितो. एकाच स्लाइडवर कधी कधी दोन्ही सापडतं, आणि अशा ठिकाणी मी जरा जास्त वेळ थांबते. कारण कड्याच्या तुटलेल्या जागेपाशी फक्त कर्कपेशीच बदललेल्या नसतात. बाहेरचे फायब्रोब्लास्ट, म्हणजे कोलॅजन बनवणाऱ्या पेशी, फुगीर आणि सक्रिय झालेले असतात, मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी जमलेल्या असतात, कोलॅजनचा पोत पालटलेला असतो.

ही बाब वैज्ञानिकांना हळूहळूच उमगली. १९८० मध्ये लान्स लिओटा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की उंदरांतल्या ज्या गाठी जास्त पसरतात त्यांच्या पेशी चौथ्या प्रकारचं कोलॅजन जास्त तोडतात. साहजिकच सगळ्यांनी मानलं, की एन्झाइम कर्कपेशीच बनवते. मग १९९० मध्ये स्तनाच्या कर्करोगात स्ट्रोमेलायसिन-३, म्हणजे आताचं एमएमपी-११, सापडलं. ते बनवण्याचा जनुकीय संदेश कर्कपेशींत नव्हताच, तो होता शेजारच्या फायब्रोब्लास्टमध्ये. पुढे बहुतेक एमएमपींची तीच कथा निघाली. एमएमपी-९ बऱ्याच वेळा न्यूट्रोफिल (पांढऱ्या रक्तपेशी) आणि मॅक्रोफेज घेऊन येतात. कर्कपेशी शेजाऱ्यांना रासायनिक इशारे देतात आणि कुंपणच शेत खायला लागतं.

मी इतक्या तपशिलात जाते आहे, कारण माझं सगळं म्हणणं याच गोष्टीवर उभं आहे. ही एन्झाइम्स कर्करोगाची मालमत्ता नाहीत, ती आपली आहेत. 'हे एन्झाइम वाईट' अशी यादी करून हाती काही लागत नाही. कोणत्या पेशीने, कोणत्या जागी, कोणत्या टप्प्यावर ते सोडलं आणि त्याला कोण आवरतंय, हे विचारावं लागतं.

एक उदाहरण बघा. एमएमपी-१४ हे मोकळं न फिरता पेशीच्या पृष्ठभागावर रोवलेलं असतं. कर्कपेशी मेम्ब्रेनमध्ये घुसताना पायासारखे बारीक फुगवटे काढतात आणि एमएमपी-१४ नेमकं त्यांच्या टोकाशी गोळा करतात. तिथे टिंप-२ येऊन त्याला चिकटतो. टिंप म्हणजे अडवणारा, म्हणून आता सगळं थांबायला हवं. पण टिंप-२ आपल्या दुसऱ्या टोकाने निष्क्रिय एमएमपी-२ ला धरून ठेवतो, आणि शेजारचं मोकळं एमएमपी-१४ त्या एमएमपी-२ ला कापून सक्रिय करतं. म्हणजे टिंप-२ मोजका असेल तर तो एन्झाइम जागं करायला मदत करतो, आणि भरपूर असेल तर सगळंच बंद पाडतो. तोच रेणू, फक्त प्रमाण बदललं. स्तनाच्या कर्करोगात युरोकायनेज या वेगळ्या कुटुंबातल्या एन्झाइमचंही असंच आहे. त्याला अडवणारा पीएआय-१ गाठीत जास्त असेल तर रोग सौम्य असावा असं वाटेल. प्रत्यक्षात पीएआय-१ जास्त असलेल्या रुग्णांत रोग परतण्याचा धोका जास्त दिसतो.

शिवाय मॅट्रिक्स ही नुसती भिंत नाही. तिच्यात वाढीचे संदेश बांधून ठेवलेले असतात. एमएमपी-९ ती गाठोडी सोडतं, व्हीईजीएफ हा त्यातलाच एक संदेश मोकळा होतो आणि गाठीत नव्या रक्तवाहिन्या फुटू लागतात. उंदरांच्या स्वादुपिंडातल्या गाठींवर २००० मध्ये हे नीट दाखवलं गेलं. पण त्याच कापाकापीतून उलट्या कामाचे तुकडेही निघतात. अठराव्या प्रकारच्या कोलॅजनमधून एंडोस्टॅटिन निघतं आणि ते रक्तवाहिन्यांची वाढ रोखतं. रक्तातलं प्लाझ्मिनोजेन हे प्रथिन कापून एमएमपी-१२ अँजिओस्टॅटिन बनवू शकतं, त्याचंही काम तेच. म्हणजे ही एन्झाइम्स एकाच गाठीत गाडीला पुढे ढकलतात आणि ब्रेकही लावतात.

हे सगळं नीट माहीत होण्याआधीच औषधं तयार झाली होती. बॅटिमास्टॅट, मारिमास्टॅट, प्रिनोमास्टॅट, टॅनोमास्टॅट. बरीचशी एन्झाइमच्या झिंकलाच पकडणारी, म्हणून एकदम अनेक एमएमपी बंद करणारी. उंदरांत निकाल सुंदर होते. माणसांत टॅनोमास्टॅट स्वादुपिंडाच्या पुढे गेलेल्या कर्करोगात जेमसायटाबिन या केमोथेरपीच्या औषधाशी तोलून पाहिलं, तेव्हा नव्या औषधाच्या गटातलं मध्यम आयुर्मान ३.७४ महिने निघालं आणि जुन्या औषधाच्या गटातलं ६.५९ महिने. फुप्फुसाच्या स्मॉल सेल कर्करोगात तर टॅनोमास्टॅट घेणारे रुग्ण प्लासिबो (औषध नसलेली गोळी) घेणाऱ्यांपेक्षा लवकर दगावले, आणि १९९९ मध्ये त्याच्या चाचण्या थांबवल्या गेल्या. तुमच्या आईच्या आजाराशी जवळची चाचणी मारिमास्टॅटची. पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात पहिली केमोथेरपी झाल्यावर ते देऊन पाहिलं, २००४ मध्ये निकाल आले, फायदा दिसला नाही.

मारिमास्टॅट घेणाऱ्यांना आणखी एक त्रास व्हायचा. खांदे आणि हात दुखू लागायचे, सांधे आखडायचे, डोस वाढवला की त्रास वाढायचा आणि औषध थांबवलं की हळूहळू निवायचा. स्नायुबंध आणि सांध्यांभोवतीचं कोलॅजन सतत थोडं झिजतं आणि नवं बसतं. ती देखभालच थांबली होती. या त्रासामुळे परिणामकारक डोसपर्यंत पोचणंही अवघड झालं.

अपयशाची कारणं पुढे एकेक करून समोर आली. चाचण्यांतल्या रुग्णांत रोग आधीच दूरवर गेलेला होता, आणि मेम्ब्रेन फोडण्याचा टप्पा मागे पडलेला असताना ते फोडणं थांबवून उपयोग नव्हता. काही पेशी एन्झाइम बंद पडल्यावर वेगळीच वाट धरतात. २००३ मध्ये मायक्रोस्कोपखाली थेट टिपलं गेलं, की प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं कापणारी एन्झाइम्स, अडवल्यावर कर्कपेशी गोल होऊन, अमिबासारखा आकार बदलत, कोलॅजनच्या तंतूंमधल्या फटींतून स्वतःला पिळून काढतात. अट एवढीच, की फट केंद्रक मावेल इतकी हवी. आणि सगळ्यात जड गेलेलं कारण: काही एमएमपी आपलं रक्षण करतात. एमएमपी-८ चं जनुक काढलेल्या नर उंदरांत त्वचेच्या गाठी कमी होण्याऐवजी वाढल्या. सरसकट सगळी एन्झाइम्स बंद करताना आपण हा आधारही काढून घेत होतो.

नंतर एकच एन्झाइम नेमकं धरायचाही प्रयत्न झाला. अँडेकॅलिक्सिमॅब हे फक्त एमएमपी-९ वर बसणारं अँटिबॉडी. जठराच्या कर्करोगातल्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत केमोथेरपीला ते जोडून आयुष्य वाढलं नाही. उलट्या बाजूनेही पाहिलं गेलं, म्हणजे गाठीभोवतीचं मॅट्रिक्स मुद्दाम विरघळवलं तर औषध आत नीट शिरेल का? स्वादुपिंडाच्या कर्करोगात हायलुरोनिडेज या मॅट्रिक्स विरघळवणाऱ्या एन्झाइमचं इंजेक्शन केमोथेरपीबरोबर दिलं, तीही तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०१९ मध्ये अपयशी ठरली. गाठीभोवतीची ऊती काही अंशी गाठीला आवरूनही धरते, हे २०१४ मध्ये उंदरांवरच्या कामातून दिसलंच होतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. इतर आजारांत हीच नावं येतात, कारण कोलॅजन, लवचीकपणा देणारं इलॅस्टिन आणि कूर्चा सगळीकडेच आहेत. फुप्फुसाच्या एम्फिसीमात, म्हणजे हवेच्या पिशव्यांच्या भिंती मोडत जाण्याच्या आजारात, धुरामुळे जमलेल्या मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिलची एन्झाइम्स इलॅस्टिन खातात. एमएमपी-१२ नसलेल्या उंदरांना महिनोन्‌महिने सिगारेटचा धूर देऊनही एम्फिसीमा झाला नाही, हे १९९७ मधलं काम मला आजही फार मोलाचं वाटतं. ज्यांच्यात अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे न्यूट्रोफिलचं एन्झाइम अडवणारं प्रथिन जन्मतःच कमी असतं त्यांना हा आजार लवकर होतो, हे १९६३ पासून माहीत आहे. तिथे पहारेकरीच गैरहजर असतो. ऑस्टिओआर्थ्रायटिस या सांधे झिजण्याच्या संधिवातात कूर्चेचं कोलॅजन मुख्यतः एमएमपी-१३ कापतं आणि तिच्यातलं अ‍ॅग्रिकॅन हे दुसरं प्रथिन एडीएएमटीएस-५ हे एन्झाइम कापतं. हृदयाच्या धमनीतल्या चरबीच्या थराचं झाकण पातळ होऊन फुटतं, त्यातही या एन्झाइम्सचा हात आहे.

क्षयरोगाबद्दल मात्र थोडं जास्त सांगायला हवं. फुप्फुसात पोकळी पडते ती जंतू स्वतः पाडत नाही, त्याच्याकडे कोलॅजन कापण्याचं साधनच नाही. पोकळी आपल्याच पेशींच्या एमएमपी-१ मुळे पडते, आणि मग खोकल्यावाटे जंतू बाहेर जायला वाट मिळते. क्षयाच्या नेहमीच्या औषधांबरोबर दोन आठवडे डॉक्सिसायक्लिन दिलेल्या एका छोट्या चाचणीत, २०२१ मध्ये, पोकळ्यांचं आकारमान कमी झालेलं दिसलं. इथे कल्पना जमण्याची शक्यता मला जास्त वाटते, कारण नुकसान एका अवयवात आहे, कालावधी ठरावीक आहे आणि मूळ कारणावर वेगळं औषध चालूच आहे.

एन्झाइम कमी पडलं तरी आजार होतोच. एमएमपी-२ चं जनुक दोन्ही प्रतींत बिघडलेल्या मुलांत हातापायांची हाडं विरघळत जातात. कापणारं एन्झाइम नाही आणि तरी हाड झिजतंय! २००१ मध्ये हे समोर आलं तेव्हा अनेकांना आपले आराखडे पुन्हा मांडावे लागले. कॅथेप्सिन के हे हाडातलं कोलॅजन कापणारं एन्झाइम अडवून ऑस्टिओपोरोसिसवर उपचार करायचा म्हणून ओडानाकॅटिब आलं. फ्रॅक्चर कमी झाले, पण पक्षाघाताचा धोका वाढला आणि २०१६ मध्ये ते सोडून द्यावं लागलं.

डॉक्सिसायक्लिनची खरी जागा आता स्पष्ट होईल. दिवसातून दोनदा २० मिलिग्रॅम, म्हणजे जंतू मारण्याइतकाही नसलेला डोस, हिरड्यांच्या पेरिओडोंटायटिससाठी अमेरिकेत १९९८ मध्ये मंजूर झाला. एमएमपी अडवण्यासाठी म्हणून मान्यता मिळालेलं औषध एवढंच. पोटातल्या महाधमनीच्या फुगवट्यावर मोठ्या अपेक्षेने १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दोन वर्षं देऊन पाहिलं. २०२० च्या निकालात फुगवटा प्लासिबोइतकाच वाढत राहिला. हिरडीत चाललं म्हणून महाधमनीत चालेल असं नाही, आणि म्हणून स्तनात चालेल असंही धरून चालता येत नाही.

कर्करोगात या एन्झाइम्सचा आज सगळ्यात ठोस उपयोग झालाय तो त्यांना बंद न करता. पेगुलिसियानिन नावाचं द्रव्य शस्त्रक्रियेआधी शिरेतून देतात. ते स्वतः चमकत नाही. गाठीतली कॅथेप्सिन आणि एमएमपी त्याला कापतात, तेव्हा ते चमकू लागतं. सर्जन गाठ काढल्यानंतर राहिलेल्या पोकळीच्या भिंतीवर खास उपकरण धरतो आणि कुठे चमक उरली आहे ते बघतो. स्तन वाचवून केलेल्या शस्त्रक्रियांसाठी अमेरिकेत एप्रिल २०२४ मध्ये त्याला मान्यता मिळाली. काही रुग्णांत तीव्र अ‍ॅलर्जी येऊ शकते, म्हणून ते तयारीनिशीच द्यावं लागतं. याच धर्तीवर अशी औषधं तपासली जात आहेत, जी एरवी झाकलेली राहतात आणि गाठीतल्या एन्झाइमने झाकण कापल्यावरच काम सुरू करतात. गाठीभोवती एन्झाइम जास्त आहे हे खरंच आहे; मग त्याचा उपयोग खूण म्हणून करावा, हा विचार मला जास्त पटतो.

आता तुम्ही काय करावं? आईला स्वतःहून डॉक्सिसायक्लिन सुरू करू नका. त्याने कर्करोग आवरतो असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. अन्ननलिकेला जळजळ होते, उन्हाने त्वचा भाजते, कॅल्शियमच्या गोळ्यांबरोबर घेतलं तर ते नीट शोषलं जात नाही, आणि पुढे इम्युनोथेरपी द्यायची ठरली तर त्या काळात घेतलेली अँटिबायोटिक्स तिचा परिणाम कमी करत असावीत, असं निरीक्षणात्मक अभ्यासांत दिसतं. संसर्गासाठी तिच्या डॉक्टरांनी ते लिहून दिलं तर जरूर घ्यावं, तो वेगळा विषय आहे. 'एमएमपी कमी करणारी' म्हणून विकली जाणारी पूरक द्रव्यंही याच कारणासाठी टाळा, आणि रक्तातलं एमएमपी-९ तपासून घेण्यात पैसे घालवू नका. साध्या संसर्गातही ते वाढतं आणि त्यावरून उपचार ठरत नाहीत.

त्याऐवजी रिपोर्ट हातात घेऊन या गोष्टी डॉक्टरांना विचारा: गाठीचा आकार आणि ग्रेड काय, ईआर, पीआर (संप्रेरकांचे ग्राहक) आणि हर-२ (पेशीवरचं एक प्रथिन) काय आले, काखेतल्या लसिका गाठींत रोग आहे का, रक्तवाहिन्या किंवा लसिकावाहिन्यांत कर्कपेशी दिसल्या का, आणि शस्त्रक्रिया झाली असेल तर कडा मोकळ्या आहेत का. तिचे उपचार यांवरून ठरतात. आणि 'इन्व्हेजिव्ह' या शब्दाने घाबरला असाल तर एवढं लक्षात घ्या: त्याचा अर्थ नळीभोवतीचं कडं ओलांडलं गेलंय एवढाच आहे. रोग शरीरात दूर पसरलाय असं तो शब्द सांगत नाही. ते वेगळ्या तपासण्यांतून ठरतं.